ब्रीताच्या फाटकासमोरची खडी

नऊ वाजेपर्यंत हाल्वरने हातोडीला हात लावला नाही. फळ्या तासून तयार होत्या, खिळे वाटीत काढून ठेवले होते, आणि तो होड्यांच्या छपरीत ओंडक्यावर बसून घराच्या खिडकीकडे बघत होता. त्याची बायको ओस्ने लिहायला बसली की नऊपर्यंत ठोकाठोक बंद, असा त्या घराचा नियम होता. लिहिणं झालं की ती काचेवर चमचा दोनदा वाजवायची. मग तो आत जाऊन कॉफी प्यायचा, आणि ती विचारायची, आज काय बघितलंस, काय ऐकलंस, नीट सांग. त्याला नीट सांगता यायचं नाही. ती हसायची, पुन्हा विचारायची, आणि महिन्याभराने तेच तिच्या गोष्टीत यायचं.

आता ती आतल्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली होती. तिचीच पेटी बनवायची होती आणि हा चमच्याची वाट बघत बसला होता. नऊ वाजून गेले, तेव्हा त्याने पहिला खिळा ठोकला.

पेटी संध्याकाळपर्यंत होणार होती. उचलायला सहा माणसं कुठून आणायची, हे त्याला कळत नव्हतं. खाडीकाठच्या नऊ घरांचा शेजार होता, पणज्यांच्या वेळेपासूनचा. कुणी गेलं की शेजारातलं एक माणूस काळी टोपी घालून घरोघर बोलवायला जायचं. घरच्याने जायचं नसे, त्याने मेलेल्याजवळ बसायचं. बोलावणं पोचलं की खांदेकरी यायचे, आणि चर्चच्या रस्त्यावर जो तो आपल्या फाटकासमोर देवदारासारख्या स्प्रूसच्या हिरव्या डहाळ्या तोडून मेलेल्याच्या मानासाठी पसरायचा. ओस्नेला जाऊन दोन दिवस झाले होते. बोलवायला जाऊ का, असं विचारायला कुणीही आलं नव्हतं.

का आलं नव्हतं, ते हाल्वरला माहीत होतं. याच नऊ घरांत एके काळी ओस्नेची पुस्तकं बायबलशेजारी असायची. उन्हाळ्यात डोंगरावर गुरं घेऊन राहणाऱ्या बायकांच्या गोष्टी तिने लिहिल्या होत्या, आणि प्रत्येक घराला वाटे, ही आपलीच आजी. मग राजधानीतल्या लोकांनी तिची एक कादंबरी हसण्यावारी नेली. ते तिला लागलं. त्याच हिवाळ्यात जर्मनांच्या बाजूच्या पक्षाची माणसं मोटार घेऊन आली आणि म्हणाली, देशाला तुमची गरज आहे. तिच्याशी इतक्या आदराने तोवर कुणी बोललं नव्हतं. ती भाषणं करू लागली. जर्मन आले तेव्हा पक्षाने तिला इथली अध्यक्ष केलं, आणि बेचाळीस साली शिक्षकांनी पक्षाच्या संघटनेत जायला नकार दिला तेव्हा तिने इथल्या शिक्षकाचं, मोन्सचं नाव लिहून पाठवलं. मोन्सला पार उत्तरेला नेऊन बंदरात हमालीला लावलं. तो परत आला तो फुप्फुसं गमावून. पुढच्या हिवाळ्यात गेला. लढाई संपल्यावर ओस्ने तीन वर्षं तुरुंगात होती. परत आल्यावर तिने काही लिहिलं नाही, आणि चमचाही वाजवला नाही. हाल्वर मात्र तेव्हाही नऊपर्यंत थांबायचा.

तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच काळी टोपी घातली आणि निघाला. हे चुकतंय हे त्याला ठाऊक होतं. पहिल्या दोन घरी दार उघडलं नाही, धूर मात्र चिमणीतून येत होता. तिसरं घर ऑडमुंडचं. दोघे लहानपणी एका होडीतून मासे धरायचे. ऑडमुंडने त्याला पायरीवरच उभं ठेवलं.

"तुझी बायको भाषणात आम्हाला शेळ्या म्हणाली होती," तो म्हणाला. "आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग? शेळ्यांना खांदा देता येतो होय?"

ऑडमुंडने त्याच्या टोपीकडे बघितलं आणि जरा नरम आवाजात म्हणाला, "आणि तू कशाला फिरतोयस? घरी बस की." पण येतो असं म्हणाला नाही.

बाकीची घरं हाल्वरने सोडून दिली. तो सरळ चर्चच्या अलीकडच्या शेवटच्या घरी गेला. तिथे मोन्सची बायको ब्रीता एकटी राहायची. मोन्स गेल्यापासूनच्या सहा वर्षांत तिच्या फाटकाच्या आत त्याने पाऊल ठेवलं नव्हतं. ती तव्यावर पातळ भाकऱ्या भाजत होती. दार उघडंच होतं.

"ती टोपी तू का घातलीस?" तिने विचारलं.

"बोलवायला आलोय. शुक्रवारी अकराला."

"घरच्याने यायचं नसतं."

"माहीत आहे. दुसरं कोणी नाही."

ती तव्याकडे वळली. हाल्वर जायला निघाला, पण उंबऱ्यावर थांबला. हे बोलल्याशिवाय बोलावणं करायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटलं.

"ओस्नेची ती पत्रं मीच नेली होती टपालात," तो म्हणाला. "माझ्या होडीतून. वरच्या पाकिटावर पोलिसांचा पत्ता होता. तो मी वाचला. आत काय असणार ते कळलं मला. तरी भिजू नये म्हणून मेणकापडात गुंडाळलं."

तव्यावरची भाकरी करपली. ब्रीताने ती काढून बाजूला टाकली आणि दुसरी घातली नाही.

"मोन्स तिच्या गोष्टी वर्गात वाचायचा," ती म्हणाली. "ती पक्षात गेली तरी. मी म्हणायची, फाडून टाक. तर म्हणायचा, गोष्टींनी काय केलंय?" तिने हात पुसले. "तुला तिची आठवण येते?"

"येते."

"कुठल्या ओस्नेची?"

"काचेवर चमचा वाजवायची, तिची," तो म्हणाला. "तुरुंगातून आली ती माझ्या घरात राहायची, मी तिला जेवू घालायचो. पण वाट मी त्या पहिलीचीच बघायचो. अजून बघतो."

ब्रीताने तवा चुलीवरून उतरवला. मग तिने हात पुढे केला.

"टोपी दे इकडे. मी येणार नाही. माझ्या फाटकासमोर एक काडीसुद्धा पडणार नाही, आत्ताच सांगते. पण घरच्याला टोपी घालून फिरावं लागलं, असं या शेजारात अजून झालेलं नाही. तू जा. तिच्याजवळ बस."

तो घरी गेला आणि बसला. ब्रीता कुठल्या दारात काय बोलली, ते त्याला कुणी कधी सांगितलं नाही.

शुक्रवारी साडेदहाला ऑडमुंड रविवारचा कोट घालून अंगणात आला. मागे आणखी पाच जण होते. "शेळ्या आल्या बघ," तो म्हणाला आणि पेटीच्या डोक्याकडे जाऊन उभा राहिला. त्यांनी ओस्नेला उचलून गाडीवर ठेवलं.

रस्त्यावर डहाळ्या होत्या. सगळीकडे नव्हत्या, एका घराने फाटकापुरत्या चार टाकल्या होत्या, ऑडमुंडच्या घरासमोर मात्र दाट हिरवा पट्टा होता. डहाळ्यांवरून चाकं जाताना आवाज येत नव्हता. घोड्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

ब्रीताच्या कुंपणापाशी डहाळ्या संपल्या. पुढे पंचवीस-तीस पावलं नुसती खडी होती, आणि कुणीतरी सकाळीच झाडून स्वच्छ केलेली होती. गाडी खडीवर चढली आणि एकदम खडखडाट झाला. घोड्याने कान मागे घेतले. ऑडमुंडने मान खाली घातली. ब्रीता खिडकीत उभी होती, पडदा न ओढता.

हाल्वरने मान खाली घातली नाही. तो कान देऊन ऐकत होता. खडीवर चाकाची लोखंडी धाव कशी घासते, मधेच एखादा दगड कसा फुटतो, पेटीतल्या फळ्या कशा हलक्या कुरकुरतात. नीट सांग, ती म्हणाली असती. नुसता मोठा आवाज म्हणू नकोस, कसला ते सांग. या वेळी तो नीट सांगणार होता. या तीस पावलांतलं काहीही गाळणार नव्हता, ती खडी कुणाच्या दारची होती आणि कुणामुळे उघडी राहिली तेसुद्धा.

चर्चच्या वळणावर पुन्हा डहाळ्या लागल्या, चर्चच्या माणसाने टाकलेल्या, आणि सगळं शांत झालं. हाल्वर गाडीमागे चालत होता आणि शब्द शोधत होता, उद्या नऊ वाजता तयार असावेत म्हणून.