जादाचं अर्ध्या पेनीचं तिकीट

आमच्या ह्यांना विलायतेतल्या मेलेल्या माणसांच्या टपालाचे दर तोंडपाठ आहेत. घरातला गॅस कधी संपतो, ते मात्र विचारू नका. व्हिक्टोरिया राणीच्या काळात पत्राला एक पेनी, कार्डाला अर्धी, आणि कार्डावर पत्त्याच्या बाजूला एखादा शब्द जास्त लिहिला की पुन्हा पत्राचा दर. भाजी निवडताना मला हेच ऐकावं लागतं.

नांदेडच्या आमच्या घरात एक अख्खं कपाट जुन्या पाकिटांचं आहे. त्यात माझीही पत्रं आहेत, पहिल्या बाळंतपणाला हिमायतनगरला माहेरी गेले होते तेव्हाची. प्रेमाने ठेवलीत असं समजू नका. ती चुकून किनवटला गेली आणि जादाचा शिक्का खाऊन आली, म्हणून ठेवलीत. बारशाला हे आले ते हात हलवत.

तर ह्यांनी विलायतेहून एक कार्ड मागवलं. त्यावर लीड्स गावचा शिक्का, आणि अर्ध्या पेनीचं तिकीट छापलेलं असताना कुणीतरी तेवढ्याच किमतीचं आणखी एक डकवलेलं. का? नुसता फोटो पाहून ह्यांनी त्या 'का'वर लांबलचक निबंध लिहिला. लातूरच्या टपाल-तिकिटांच्या प्रदर्शनाने तो वाचायला बोलावलं, तेही कार्ड घेऊन. ह्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं. नवा सदरा शिवायला टाकला.

कार्डाची मागची बाजू आधीच्या कुण्या मालकाने पुठ्ठ्याला चिकटवलेली होती. "असू दे," हे म्हणाले. "मजकुराला दर नसतो."

पार्सल आलं तेव्हा दारात ह्यांच्या आत्या, केवळाबाई, शेंगा सोलत बसल्या होत्या. ह्यांनी कार्ड बाहेर काढलं आणि आत्यांनी हंबरडा फोडला. कार्डाचा कोपरा फाटलेला होता.

आमच्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी. ते उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. वाचून तिथंच फाडतात आणि डोक्यावरून पाणी घेतात.

"कोन गेलं रं अमरनाथा?"

"कुनी न्हाई, आत्या. दीडशे वर्सामागचं हाय."

"दीडशे वर्सं झाली आन् तू आज सांगून राहिला?"

"कोपरा उंदरानं खाल्ला असंल."

"फाड ते!"

"फाडनार न्हाई. लातूरला न्यायचंय."

"मंग दहावा कर. बातमी आज आली, दिवस आजपासनं."

कार्ड फाडण्यापासून वाचतंय म्हणून हे कबूल झाले. शेजारच्या तुळजाबाईंनी पिठलं-भाकरी आणली. लोक येऊन बसू लागले, "लई चांगले व्हते बिचारे" म्हणू लागले. विलायतेत आपलं कुणी होतं हे कळल्यावर एकाने पोराच्या नोकरीचंही विचारून घेतलं. मला हसू येई, मग तोंडाला पदर लावावा लागे. लोकांना वाटे, रडतेय.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर गेलो. गुरुजींनी गोत्र विचारलं. हे म्हणाले, "लीड्स." गुरुजींनी मुकाट काश्यप लावलं.

पिंड ठेवला. कावळा शिवेना. "तुझ्या लेकरांचं बघू," आत्या म्हणाल्या. "कार्ड जपून ठेवीन," हे म्हणाले. कावळा कठड्यावर बसून चोच घासत राहिला.

"जीव कार्डात आडकलाय," म्हणत आत्यांनी ह्यांच्या पिशवीतलं कार्ड उपसलं आणि गंगेत बुडवून धरलं. सोडवेपर्यंत व्हायचं ते झालं. पुठ्ठा सुटला, आणि ते जादाचं तिकीटही सुटलं. पाण्यावर दोन गिरक्या घेऊन ते दिसेनासं झालं. हे पायरीवर मटकन बसले. त्यांचं तोंड पाहून मला खरोखरच रडू आलं.

मागची शाई मात्र शाबूत होती. हे एकेक शब्द लावून मराठीत वाचू लागले. "टॉम, आई अंथरुणाला खिळली आहे. सारखं तुझंच नाव घेते. कार्ड लवकर पोचावं म्हणून एक तिकीट जास्त लावलं आहे. ये."

"हे हाय का तुमच्या निबंधात?" मी विचारलं.

"न्हाई."

"मंग? गेलं का ते पोरगं?" आत्यांनी विचारलं.

"म्हाईत न्हाई, आत्या."

"मंग तू सांग की तिला. कामून बसला?"

ह्यांनी कावळ्याकडे पाहून हात जोडले. मग म्हणाले, "आई, निघालो."

कावळा उतरला.

लातूरला हे गेलेच नाहीत. प्रदर्शनाच्या दिवशी नवा सदरा घालून कपाटासमोर बसले. माझी हिमायतनगरची पाकिटं काढली, आणि आतले कागद पहिल्यांदाच बाहेर काढले. मी कणीक मळत होते.

"उज्वला," थोड्या वेळाने ह्यांनी हाक मारली. "तू खारका मागितल्या व्हत्या?"

त्या बाळंतपणातली आमची आरती आता अडतीस वर्षांची आहे.

"हाव," मी म्हणाले.

हे उठले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि बाजाराला निघाले.