कानात सांगायचं नाव

माडावर चढून नीरा काढताना इओबी मोठ्यानं भजनं म्हणायचा. अलीकडे माड मुके होते. मासळीला गेलेली त्याची होडी परतली नव्हती, शोधायला गेलेल्याही नाहीत. आणि उद्या तर इंग्रजांचं निशाण उतरायचं होतं, म्हणून बेरू बेटावरची माणसं सभाघरात, मनेआबात, जमली होती.

"त्याचं पान मांडलंय मी," इओबीची आई तेबोरा नवऱ्याला, ताकिरुआला, म्हणाली. "तोंड उघडशील तेव्हा तेवढं ध्यानात ठेव, म्हाताऱ्या."

ताकिरुआ वळचणीखालून वाकून आत शिरला आणि घराण्याच्या खांबाशी बसला. देशाच्या जन्माची कथा सांगायचा मान त्याचा. कथा सर्वांना सांगायची, मात्र बेटांचं सर्वांत पहिलं नाव गाळून. ते नाव वारसाच्या कानात. वारस मेला, तरच सभेत उच्चारायचं. आणि उच्चारलं की सगळ्यांनी रडायला बसायचं.

राजधानी तारावाहून कथा टेप करायला आलेल्या बाईंनी टेपरेकॉर्डर पुढे सरकवला. "आजोबा, काही गाळू नका हं. उद्या देश जन्मतोय."

"जन्मून युगं झाली, पोरी. उद्या नुसतं बारसं."

हशा पिकला. मग ताकिरुआनं सूर लावला. आभाळ आणि धरती मिटलेल्या शिंपल्यासारखी चिकटलेली. नारेआऊ देव त्या शिंपल्यावर एकटाच फिरला, त्यानं ठोकून पाहिलं, आतून कुणी ओ दिली. रीकी नावाच्या वाम माशानं पाठ लावून आभाळ उचललं. बेटं झाली, तुंगारू म्हणवली. मग जहाजं आली, कुण्या गिल्बर्ट कप्तानाचं नाव चिकटलं. तेच आपल्या जिभेवर किरिबाटी झालं.

"त्या कप्तानाला ओळखू यायचं नाही!" मेहुणा बेनियामिना ओरडला.

पुन्हा हशा. आणि मग कुणीच हसेना. कथेच्या शेवटची, त्या पहिल्या नावाची जागा आली होती. वारा पडला होता.

"दाजी," बेनियामिना हळूच म्हणाला, "सांगून टाका. तुमच्याबरोबर गेलं तर आपण कोण?"

ताकिरुआनं बाहेर पाहिलं. चटईवर इओबीचं पान, पानावर भाजलेला नीरफणस, त्यावर माशा. देवा, त्यानं मनात म्हटलं, तू दिलेला आहे तो. तू नेला असशील तर तूच सांग. माझ्या तोंडून वदवू नकोस.

"माझा वारस समुद्रावर आहे," तो म्हणाला. "आला की त्याला सांगेन."

तेबोरा बाहेर जाऊन पानावरच्या माशा हाकलू लागली.

तेवढ्यात खडकांपलीकडे होड्या दिसल्या. शोधायला गेलेले परतत होते. सापडला असता तर दुरूनच गात आले असते. ते मुकाट वल्हवत होते, आणि मागे इओबीची होडी ओढली जात होती.

आत नीरेची रिकामी करवंटी होती. गळ होता. इओबी नव्हता.

"आता तरी सभेत सांगा, दाजी," बेनियामिना काकुळतीनं म्हणाला.

ताकिरुआ कमरेइतक्या पाण्यात गेला. इओबी बसायचा त्या फळीवर वाकला, कानाला लागावं तसं तोंड नेलं आणि काहीतरी बोलला. काठावर बाईंनी टेपरेकॉर्डर उंच धरला होता. त्यात नुसत्या लाटा भरत होत्या.

तेबोरा पान घेऊन पाण्यात उतरली. ते तिनं होडीत ठेवलं. कुणी अडवायच्या आत दोघांनी दोर सोडला आणि होडी बाहेर ढकलली.

वारा पुन्हा सुटला होता.