गाभडलेल्या शेळ्या

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, "यंदा तुमच्या शेळ्या गाभडल्या का? दिवस भरायच्या आधीच?"

"न्हाई," आमचे मालक म्हनले. बाईंच्या तोंडाकडं बघून, बिनदिक्कत!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा राम चार वर्साचा. जन्मापासून डोक्यात पानी साठतं, म्हनून डोक्यातून पोटापतुर बारीक नळी बसवलेली. त्या नळीत आता जंतू शिरलेले. ताप हटना, उलट्या थांबनात, पोरगं मला वळखना. बीडच्या दवाखान्यात नळी काढली, औषधं चालू केली, पर जंतू कोनता तेच घावना. नेमका जंतू कळला न्हाई तर पोरगं हातचं जाईल, असं बाईंनी सरळ सांगितलेलं.

आन हे म्हनत्यात न्हाई! केजच्या बाजारात कळलं का शेळ्या गाभडत्यात, तर कळपाकडं कुनी फिरकत न्हाई. म्हनून आमच्यात ही गोष्ट घराभाईर काढीत न्हाईत. त्याच शेळ्यांचं कच्चं दूध माझ्या सासूबाई रामला पाजायच्या. अशक्त लेकराला धारोष्ण दुधानं ताकद येती म्हनत्यात. लई मायेनं पाजायच्या.

"तीन गाभडल्या बाई!" मी वरडले. "आन पोरगं त्यांचंच कच्चं दूध पितंय!"

"बबिते, गप बस!"

"कावून बसू गप? शेळ्या दुसऱ्या घ्याल. राम कुटून आनाल?"

बाई ताडकन उठल्या. "मला हाच संशय होता. गाभडलेल्या शेळीच्या कच्च्या दुधातला जंतू. नळीत क्वचितच जातो, वाढतोही सावकाश." त्यांनी लॅबला फोन करून रामच्या नळीतल्या पान्याचा नमुना फेकू नका म्हनून सांगितलं. मग वळून विचारलं, "घरात आणखी कुणाला ताप येतो?"

मालकांनी मान खाली घातली. मग हळूच सदऱ्याची बाही वर सारली. "मला. सांज झाली का येतो, कंबर धरती. हिलाबी सांगितलं न्हाई. घ्या रगत."

बापलेकात एकच जंतू निघाला. औषध बदललं. तरी ताप उतरंस्तोवर माझा जीव टांगनीला लागलेला. एका सकाळी रामनं "आये" म्हनून हाक मारली. मी भडभडून रडले. मालक दारातच उभे, आत यायला धजनात.

"तिथं काय उभे ऱ्हायलात?" मी खेकसले. "लेकरू बापाला हुडकतंय. या आत."