चौकातली मोजणी

आमच्या चौकातल्या सार्वजनिक शौचालयात कुणीच जात नाही, हे नगरपालिकेला फार उशिरा कळलं. आम्हाला ते पहिल्यापासून माहीत होतं. माझं बटणं, दोरे आणि लेसचं दुकान बरोबर त्याच्या समोर आहे, त्यामुळे तिथे न जाणारी माणसं मी दिवसभर डोळ्यांनी बघते. निवृत्त हेडमास्तर तिथे भिंतीच्या गिलाव्याची पाहणी करायला जातात. शेजारचा शिंपी नळाला पाणी आलंय का ते बघायला जातो आणि चांगला वेळ घेऊन बघतो. बँकेतल्या बाईंच्या फोनला म्हणे त्याच दाराशी रेंज मिळते. आणि माझ्या सासूबाई 'जरा पाय मोकळे करून येते' म्हणतात, रस्ता ओलांडतात आणि त्या निळ्या दाराआड गेल्या की थोड्या वेळाने खरोखरच मोकळ्या होऊन येतात.

सासूबाईंशिवाय माझं दुकान चालत नाही, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणणार नाही, पण आहे ते असं आहे. कापडाचा तुकडा घेऊन गिऱ्हाईक येतं आणि याच रंगाचा दोरा द्या म्हणतं. मला पांढरा म्हणजे पांढरा दिसतो. सासूबाईंना पांढऱ्यात दुधाळ दिसतो, खडूचा दिसतो, धुऊन धुऊन झालेला दिसतो. त्या एकदा तुकड्याकडे बघतात, एकदा फळीकडे, आणि बोट ठेवतात तो दोरा बरोबर निघतो. वर त्या गिऱ्हाइकाला हेही सांगतात, की हा रंग तुला उठून दिसत नाही. तेवढ्यापुरतं मला मध्ये पडावं लागतं. नवरा नोकरीसाठी परगावी. घरी थांबल्या तर दिवसभर बोलायला भिंतीच. म्हणून रोज सकाळी आम्ही दोघी मिळून दुकान उघडतो आणि संध्याकाळपर्यंत एकमेकींच्या चुका काढत बसतो. त्यांना रक्तदाबाची गोळी आहे, आणि त्या गोळीमुळे पाय वारंवार मोकळे करावे लागतात. समोर सोय आहे म्हणून हे सगळं जमतं.

मग एक दिवस नगरपालिकेने मोजणीदार पाठवला.

शौचालयाचं पुढे काय करायचं हे ठरवायचं होतं, आणि त्यासाठी वापर किती आहे ते हवं होतं. कल्पना वाईट नव्हती. पण त्यांनी काय करावं, तर त्या माणसाला दाराशीच घडीची खुर्ची टाकून बसवलं. हातात बटण दाबलं की आकडा पुढे सरकणारं यंत्र. वर माणूस अतिशय नम्र. येणाऱ्या प्रत्येकाला तो उभा राहून विचारायचा, "आपण वापरासाठी आलात का?" तेही खणखणीत आवाजात, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं.

आता यावर कोण हो म्हणेल? हेडमास्तरांनी गिलाव्यावरून हात फिरवला, मान हलवली आणि माघारी गेले. शिंप्याने त्याला वेळ विचारली. बँकेतल्या बाई फोन कानाला लावून आल्या तशाच बोलत बोलत पुढे निघून गेल्या, त्या थेट घरी गेल्या असाव्यात. सासूबाई तर त्या माणसालाच म्हणाल्या, की उन्हात बसू नकोस बाबा, डोकं दुखेल. आणि अशा काही रुबाबात परत आल्या, जणू त्याची विचारपूस करायलाच गेल्या होत्या. दुकानात येऊन बसल्या आणि त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला हिरव्या कापडावर निळा दोरा दिला. तेव्हा मी घाबरले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चहा बंद केला. तिसऱ्या दिवशी दुपारीच डोकं दुखतंय म्हणून घरी गेल्या. मग येणंच बंद. मी दोऱ्यासाठी आलेले तुकडे संध्याकाळी पिशवीत भरून घरी न्यायची, त्या दिव्याखाली बघून सांगायच्या आणि दिव्याखाली रंग बदलतात म्हणून चिडायच्या. गिऱ्हाइकं 'उद्या या' ऐकून कंटाळली. पण मला खरं वाईट वाटायचं ते सकाळी निघताना. त्या दारापर्यंत यायच्या, चप्पल बघायच्या आणि आत जायच्या. हे असंच कायमचं झालं तर ही बाई घरात सुकून जाईल, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मोजणी संपली. यंत्रावर शून्य. खरं तर मोजणीदार स्वतः रोज जात होता, पण प्रामाणिक माणूस, त्याने नगरपालिकेचे कर्मचारी मोजले नाहीत.

त्यानंतर नगरपालिकेच्या सभागृहात नागरिकांची सभा बोलावली. सासूबाईंना मी ओढूनच नेलं. अख्खा चौक आला होता. अध्यक्षांनी पडद्यावर भविष्य दाखवलं. शौचालयाच्या जागी बाकं, फुलझाडं, आणि मधोमध कारंजं. चित्र हलतं होतं आणि त्याला आवाजही होता. ज्यांना गरज पडेल त्यांच्यासाठी दुकानदार आनंदाने आपापल्याकडची सोय खुली करतील, असंही अध्यक्ष म्हणाले. चौकात आतली सोय फक्त चहावाल्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसला नाही. भविष्य लांबत चाललं. कारंजं थांबायचं नाव घेईना. माणसं खुर्चीत या कुशीवरून त्या कुशीवर होऊ लागली.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, की आकडा शून्य आला असला तरी आम्हाला कुणावर अन्याय करायचा नाही. जे वापरतात त्यांनी हात वर करावा.

एकही हात वर नाही. हेडमास्तर छताकडे बघत होते. शिंपी चष्मा पुसत होता. मी सासूबाईंकडे पाहिलं, तर त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतलेले. मला असा संताप आला म्हणून सांगू. जन्मभर लाज सांभाळायची आणि शेवटी घरात कोंडून घ्यायचं. मी हात वर केला.

"मी वापरते," मी म्हणाले. "रोज."

मागून कुणीतरी हसलं. किती वेळा, असं अध्यक्षांनी विचारलं. चार वेळा, असं मी ठोकून दिलं. हसू आणखी वाढलं. माझे कान तापले, पण हात मी खाली घेतला नाही.

तेवढ्यात शेजारी खुर्ची सरकली. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. पदर सारखा केला आणि वर्गात उभं केल्यासारखं समोर बघून बोलू लागल्या.

"साहेब, ही खोटं बोलतेय. ही तिथे कध्धी जात नाही. मला एकटीला दुकानात सोडून जायला नको, मी गिऱ्हाइकं पळवून लावीन, म्हणून ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोटभर पाणी पीत नाही. हिला वाटतं म्हातारीला कळत नाही. तिथे मी जाते. चार वेळा जाते. थंडीत पाच वेळा. आता हसा काय हसायचं ते."

कुणी हसलं नाही. मला मात्र कुठे बघावं ते कळेना. आम्ही इतकी वर्षं एका फळीखाली बसलो, रंगांवरून, सुट्ट्या पैशांवरून, पंख्याच्या वेगावरून भांडलो, आणि या बाईचं लक्ष माझ्या पाण्याच्या बाटलीवर होतं. मी गुपचूप हात खाली घेतला.

अध्यक्षांनी आजींच्या धैर्याचं कौतुक केलं. पण एका व्यक्तीसाठी एवढा खर्च नगरपालिकेला परवडणार नाही, असं सांगून त्यांनी सोमवार सकाळपासून कुलूप लावायचं जाहीर केलं.

हेडमास्तर खाकरले. "सकाळी म्हणजे साधारण किती वाजता?"

दहाला, अध्यक्ष म्हणाले.

"अकरा केले तर?"

शिंप्याचं म्हणणं पडलं, की अकरापेक्षा दुपारचं जेवण झाल्यावर लावावं. बँकेतल्या बाई म्हणाल्या, की त्यांची सुट्टी साडेपाचला होते, त्यानंतर लावलं तर कुणाची हरकत नसावी. मागच्या रांगेतून मधल्या वेळेचं काय अशी विचारणा झाली. कुलूप लावावंच, पण किल्ली चौकात कुणाकडे तरी ठेवावी, अशी सूचना चहावाल्याने मांडली, आणि तिला सगळीकडून अनुमोदन आलं.

अध्यक्ष बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणी जातच नाही, तर वेळेशी तुम्हाला काय करायचंय?"

ऐकू येत होतं फक्त कारंजं. हेडमास्तरांनी जरा वेळ दम काढला आणि मग ताडकन उभे राहिले. "साहेब, आधी ते पाणी बंद करा," ते म्हणाले, "आणि लिहून घ्या, मीसुद्धा जातो." एवढं बोलून ते दाराकडे निघाले ते थांबलेच नाहीत. त्यांच्यामागे शिंपी. मग रांगच लागली. अध्यक्षांना मोजायला बोटं पुरली नाहीत, आणि मला वाटतं, त्यांचंही अर्धं लक्ष दाराकडेच होतं. शौचालय आहे तिथेच ठेवायचं आणि दाराशी कुणाला बसवायचं नाही, एवढा ठराव त्यांनी उभ्या उभ्याच करून टाकला.



सोमवारी सासूबाई दुकानात आल्या. बसल्या नाहीत. भरलेला तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि मी पिईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मी प्यायले. तासाभराने व्हायचं ते झालं. मी दोऱ्याची रिळं उगाच इकडची तिकडे लावत बसले, तशी त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं आणि गल्ल्यावर स्वतः बसल्या.

"जा," त्या म्हणाल्या.

"आणि गिऱ्हाईक आलं तर?"

"आलं तर येऊ दे. जा तू."

मी निघाले. अख्खा चौक आपल्याकडे बघणार, असं वाटत होतं. कुणी बघत नव्हतं. शिंपी मान खाली घालून मशीन चालवत होता, हेडमास्तर पेपर वाचत होते. निळ्या दाराशी पोहोचल्यावर मी मागे पाहिलं. गल्ल्यावर दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती आणि सासूबाई त्यांच्या मधून मान लांब करून बघत होत्या, मी खरंच आत जाते की नाही ते.