कौलांच्या खेळातली शेवटची वाट

सेजल मे महिन्यात कारापूरहून कोरगावला मामाकडे आली आणि चार दिवसांत मामेबहिणीचा, म्हणजे गौरवीचा, खेळच पळवून बसली.

खेळ गौरवीने स्वतः शोधलेला. पडवीत खडूने चौकटी आखायच्या आणि फुटक्या कौलांचे तुकडे मांडायचे. एकीचे लाल, दुसरीचे चुना फासलेले. पाळीपाळीने एकेक तुकडा, आपल्याच तुकड्याला चिकटून. रिकामी जागा घेरली की ती आपली, आणि जिची जमीन जास्त तिची जीत. बंधन एकच: दुसरीची बाहेर पडायची शेवटची वाट बंद करायची नाही.

एवढं सगळं डोकं गौरवीचं, आणि वाड्यावरची पोरं ओरडत काय येत होती? "चला रे, सेजलच्या खेळाक!"

सेजलच्या! काजूबिया भाजताना अंगावर तेल उडावं, तशी गौरवी चरचरली. त्यात संजना. बालवाडीपासून तिच्या बाकावर बसणारी संजना आता सेजलला चिकटून म्हणत होती, "तुझां डोकां कसां चलतां गो!"

"आज एकच डाव," गौरवी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "जिंकात तिचो खेळ. नावासकट."

"चल मगे," सेजल हसली. हसताना तिच्या गालाला खळी पडायची. ती खळीसुद्धा गौरवीला नियमाबाहेरची वाटली.

डाव रंगला. सेजलचे पांढरे तुकडे खांबाच्या कोपऱ्यातून पाण्यासारखे पसरत गेले. गौरवी हरायला आली, आणि तेवढ्यात तिला दिसलं! सगळे पांढरे अजून कोपऱ्याच्या आतच, बाहेर पडायला एकच चौकट मोकळी. विचार करण्याआधीच हात गेला. टक्‌! लाल तुकडा बसला.

"गो, वाट बंद केलंस!" संजना किंचाळली.

"मग काय झालां? खेळ माझो, नियम माझे!"

अंगणात बिया वाळत घालणाऱ्या बाबांनी मान वर केली. "कोणाची वाट गो?"

गौरवीचा चेहरा उतरला. दोन वर्षांमागे शेजाऱ्याने त्यांच्या काजूबागेच्या वाटेवर तार ओढली होती. बाबा काजूच्या बोंडूंची पाटी डोक्यावर घेऊन डोंगराला वळसा घालत आणि संध्याकाळी मान धरून बसत. तेव्हाच तर हा नियम खेळात आला होता.

तिने तुकडा उचलला. सेजल त्याच वाटेने सुळकन बाहेर पडली आणि उरलेली सगळी जमीन घेऊन मोकळी झाली.

"खेळ तुझो," गौरवी कशीबशी म्हणाली.

"नाय गो, तुझोच ऱ्हवांदे. मियां असतंय तर वाट बंदच करून टाकली असती!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सेजलसाठी! म्हणजे डावही हिचा, खळीही हिची, आणि आता मनाचा मोठेपणासुद्धा हिनेच पटकावला?

गौरवीने सगळे तुकडे भराभर पुढ्यात ओढले.

"परत मांड. पयली चाल माझी. आणि संजने, तू हय बस. माझ्या बाजूक."