पिल्चरांचा नकाशा

पिल्चर आडनावाची माणसं अमेरिकेत कुठं कुठं राहतात, हे मनोहर बर्वे काकांना हवं होतं. त्यांच्या रुचाचं लग्न ग्रेग पिल्चरशी ठरलं होतं. ग्रेग गोरा, उंच, कोलंबसला इन्शुरन्सच्या ऑफिसात नोकरीला. आणि माझ्याकडे अख्ख्या देशाचे फोन नंबर भरलेल्या सीड्या आहेत, हे कोलंबसशेजारच्या आमच्या डब्लिन गावच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक.

"एकनाथ, एक मोठा नकाशा काढून दे. साखरपुड्याला दिवाणखान्यात लावू," काका फोनवर म्हणाले. "आणि आडनाव मूळचं कुठलं, तेही बघ. घराणं कळायला पाहिजे."

घराणं! या माणसाची ही जुनी खाज मला ठाऊक आहे. पंच्याण्णव साली मी इथं नवा आलो. मंडळाच्या पिकनिकला माझ्या हातात अजून ताटसुद्धा आलं नव्हतं, तर काकांनी विचारलं, "वानखेडे म्हणजे कुठले?"

"अमरावतीकडचे."

"हो, पण तिकडे वानखेडे दोन प्रकारचे असतात ना?"

"मी तर एकच प्रकार पाहिलाय काका. दोन पायांचा."

लोक हसले, काकाही हसले. आणि पुढं दीड वर्ष इकडून तिकडून चौकशी करत राहिले. शेवटी एकदा माझ्या अपार्टमेंटवर चहाला आले, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब दिसले, आणि कप अर्धा तसाच ठेवून उठले. मी दारातच सांगितलं, "काका, आता विचारत बसू नका. माझा आजोबा गावची मेलेली ढोरं ओढायचा, कातडी सोलायचा. छप्पन साली दीक्षा घेतली आणि सुरी विहिरीत टाकली. लिहून घ्या."

काकांनी लिहून घेतलं नाही, पण पाठ केलं. हे मला कळलं ते माझ्या धाकट्या बहिणीमुळं.

उपासना इथंच युनिव्हर्सिटीत मास्टर्स करते. तिचं आणि काकांच्या मुलाचं, सुशांतचं, वर्षभरापासून जमलेलं. सुशांतनं घरी सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "पोरगी चांगली आहे रे. पण कातडी सोलणाऱ्यांचं घर. मी नातेवाइकांना काय तोंड दाखवू?" सुशांतनंच हे उपासनाला सांगितलं, वर म्हणाला, "पप्पांना थोडा टाइम दे. रुचाच्या साखरपुड्याला सगळे खूश असतील, तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलतो. प्रॉमिस."

म्हणून नकाशासाठी उपासनाच माझ्या मागं लागली. "दादा, करून दे ना. आता हे आपल्याच घरचं काम आहे."

तीन संध्याकाळी आम्ही दोघं बसलो. सीडीत पिल्चर टाकायचं, येतील ते पत्ते बघायचे, नकाशावर लाल ठिपका चिकटवायचा. आडनाव दुर्मीळ. स्मिथ असते तर नकाशा गोवर आल्यासारखा झाला असता. हे आपले इथं चार, तिथं सहा. मग लायब्ररीत जाऊन आडनावांचा जाडजूड कोश काढला. पिल्चर मूळचे इंग्लंडातले, केंट भागातले. जुन्या इंग्रजीत पिल्च म्हणजे जनावराच्या केसाळ कातड्याचा अंगरखा. तो शिवणारे, विकणारे ते पिल्चर.

मी खुर्चीतून उठलो आणि लायब्ररीतच मोठ्यानं हसलो.

खोटं कशाला बोलू? नकाशाखाली हे सगळं मी मुद्दाम ठळक अक्षरांत टाइप केलं, मराठीत आणि इंग्रजीत. वाटलं, काका वाचतील, पांढरे पडतील, नकाशा गुंडाळून माळ्यावर टाकतील. मला ते तोंड बघायचं होतं.

इथंच मी मूर्ख ठरलो.

साखरपुडा शनिवारी दुपारी झाला. चाळीसेक माणसं आली होती. नकाशा फ्रेम करून दिवाणखान्याच्या मधोमध टांगलेला, शेजारी मॉलमधून आणलेलं पिल्चर घराण्याचं ढाल-तलवारीचं चित्र. रुचाची आई शुभाकाकू ग्रेगला श्रीखंड वाढत होत्या. काकांनी चमचा ग्लासावर वाजवला.

"मंडळी, आमच्या जावयांचं मूळ ऐका! शेकडो वर्षांचं नाव. पिल्च म्हणजे कातड्याचा अंगरखा. हे लोक तो स्वतःच्या हातानं करायचे. कारागीर! हातात कला आणि अंगात कष्ट. अशा घरात माझी मुलगी जाते आहे, याचा मला अभिमान वाटतो."

टाळ्या पडल्या. कुणी तरी म्हणालं, "वा, काय रूट्स आहेत!" एक काकू फ्रेमवरून हात फिरवत होत्या. कातड्याच्या नावावरून! तोंडातलं श्रीखंड मी पेपर नॅपकिनमध्ये थुंकलं, आणि शरम वाटली नाही. कातडं तेच, रक्त तेच, वासही तोच असणार. गोऱ्या माणसाच्या हातात गेलं की कला, माझ्या आजोबाच्या हातात विटाळ. घाण कातड्याला नव्हती. ती या दिवाणखान्यात होती, अत्तर लावून उभी होती.

उपासना सुशांतकडं बघत होती. सुशांत बशीकडं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सुशांत, सगळे खूश आहेत. बोल आता."

"उपा, नॉट नाऊ. प्लीज यार."

"आत्ताच तर तुझे पप्पा कातड्यावर भाषण देऊन बसले. यापेक्षा सोपी वेळ कुठली मिळणार तुला?"

काका हसत मध्ये आले. "काय चाललंय? बेटा, हे वेगळं आणि ते वेगळं. ती इंग्लंडची परंपरा आहे."

"तेच मला सुशांतच्या तोंडून ऐकायचंय," उपासना म्हणाली. "सांग. वेगळं आहे?"

सुशांतनं काकांकडं बघितलं. मग फ्रेमकडं. म्हणाला, "कॅमेरावाले आलेत, नंतर बोलू."

उपासनानं बशी टेबलावर ठेवली. "दादा, चल."

आम्ही गाडीपाशी पोचलो तर ग्रेग मागं धावत आला. नकाशाबद्दल थँक्स म्हणायला. इंग्रजीत म्हणाला, माझे डॅड खूश होतील. तुमच्या घराण्याचं काय काम होतं?

"आमचे आजोबा जनावरांची कातडी सोलायचे," उपासना सरळ म्हणाली.

"नो किडिंग!" तो खदखदून हसला. "मग ते सोलायचे नि आम्ही शिवायचो. वुई आर प्रॅक्टिकली कझिन्स!"

त्याला मी देव करत नाही. त्याला यातलं काडीचंही कळलेलं नव्हतं, आणि रुचा त्याला कधी सांगणारही नाही. पण तो हे मोठ्यानं बोलला, आणि दारात उभ्या असलेल्या सुशांतनं ते ऐकलं. तो दोन पायऱ्या उतरला. उपासनानं गाडीचं दार उघडंच ठेवलं होतं.

आतून काकांची हाक आली, "सुशांत! ग्रेग! फॅमिली फोटो!"

ग्रेग हात हलवत गेला. सुशांत पायरीवर घुटमळला, शर्टाची कॉलर नीट केली, आणि आत गेला.

उपासनानं दार ओढून घेतलं. सीटबेल्ट लावला.

"त्यांच्याकडं जो नकाशा आहे," ती म्हणाली, "त्याचे ठिपके मीपण चिकटवलेत ना रे?"

"अर्धे तू."

"बघ ना, आपल्याच घरचं काम म्हणून," ती म्हणाली आणि खिडकीची काच वर केली. "ड्राइव्ह कर."