कडेलोट्याच्या गुहेत चौघं

आईला ढकलगाडीवर झोपवलं होतं. डोक्यावर हिरवी टोपी, मनगटाला सुई, आणि तरीही ती अंगठे हलवून दाखवत होती.

"डावीकडचं बटण म्हणजे ढाल. उजवीकडचं म्हणजे हल्ला. हल्ल्याच्या वाटेला तू जाऊच नकोस. ढाल धरून बस."

"आई, तुझं हृदय उघडणार आहेत," लेक म्हणाली. "आणि तू मला बटणं शिकवतेस?"

"हृदय उघडायला डॉक्टर आहेत. गुहेत माझ्या जागी कोण आहे?"

लेकीचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. ही तिची सवयच होती. ती गाडी शिकवायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारच्या सीटवर बसायची, आणि त्या सीटखालीही एक ब्रेक असायचा. त्यामुळे कुठलीही गोष्ट दुसऱ्याच्या ताब्यात गेली की तिचा पाय आपोआप ब्रेक शोधू लागे. इथे नुसती गुळगुळीत फरशी होती.

तळहाताएवढ्या पडद्याचं ते खेळायचं यंत्र आईने तिच्या हातात कोंबलं. त्यात 'रानसोबती'चा नवा भाग होता. रानोमाळ हिंडायचं, जनावरं पकडायची, वाढवायची, लढवायची, असा तो खेळ. पहिला भाग लेकीसाठीच आणला होता, ती शाळेत असताना. लेकीला चार महिन्यांत कंटाळा आला. यंत्र कपाटात पडलं, आणि एका आजारपणाच्या सुट्टीत आईने ते बाहेर काढलं. तेव्हापासून प्रत्येक नव्या भागाच्या दिवशी ती रजा टाकायची. गणवेशाच्या कारखान्यात कापडं बेतून कापायचं तिचं काम. साहेबांना वाटायचं, बाईंना पोटाचा काही जुना विकार असावा. निवृत्त झाल्यावर तर तिला रान मोकळंच मिळालं.

हा नवा भाग शुक्रवारी आला होता. यात पहिल्यांदाच चार ठिकाणचे चार खेळाडू एका गुहेत एकत्र शिरू शकत होते. त्या गुहेत कडेलोट्या होता. अख्खा कडा उठून चालू लागावा तसं जनावर. खेळ काढणाऱ्यांनी तो फक्त पहिल्या शनिवार-रविवारपुरता ठेवला होता. रविवारी संध्याकाळी गुहा कायमची बुजणार होती. आईने तिच्या तीन जुन्या सोबत्यांबरोबर रविवारची दुपार ठरवली होती. ऑपरेशन सोमवारी होतं, सगळं बसत होतं. पण रविवारी सकाळी वॉर्डमध्येच तिचा श्वास अडकला, आणि डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही.

"त्यांना यातलं काही सांगू नकोस," आई म्हणाली. गाडी हलायला लागली होती. "घसा बसलाय असं कळवलंय मी. तू बोलायचं नाहीस, फक्त ऐकायचं. आणि सोडून उठू नकोस गं. चौघांतला एक जरी गळाला तर गुहा मिटते, सगळेच बाहेर."

"आई..."

"ढाल!" आई म्हणाली, आणि ऑपरेशनच्या खोलीचं दार मिटलं.

बाहेर एकमेकींना जखडलेल्या खुर्च्या होत्या. कोपऱ्यात पाण्याचं यंत्र मधूनच गुरगुरत होतं. समोर एक गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपले होते. लेकीने ठरवलं, खेळ गेला खड्ड्यात. पण हातात काही नसलं की डोळे त्या दाराकडे जात. असे तास उलटले, दुपार झाली, आणि यंत्र थरथरलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'कात्री, पोचलीस का?' आईचं खेळातलं नाव कात्री होतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

तिने कानात इअरफोन घातले.

"आल्या कात्रीमावशी," एक जाड आवाज म्हणाला. हा मास्तर. "घसा बरा नाही ना? बोलू नका. पहिली पाळी माझी."

"मी वेळेवर आहे हं, कोणी बघितलं ना?" दुसरी म्हणाली. तिच्यामागे भांड्यांचा खणखणाट होता. ही मुंगी, कुठल्यातरी बेकरीत कामाला होती आणि जेवणाची सुट्टी काढून आली होती. तिसऱ्याचं नाव वादळ, आणि आवाज इतका मऊ की जवळ कोणीतरी झोपलेलं असावं.

गुहा उघडली. लेकीच्या पुढ्यात आईचं जनावर उभं राहिलं, एक भलीमोठी गोगलगाय. तिचं नाव चिकटराव. तिची कामगिरी एकच: शंख फुगवायचा आणि चौघांनाही त्याखाली घ्यायचं. आणि मग समोरची भिंत हलली. ती भिंत नव्हतीच.

"ढाल, मावशी, ढाल!"

लेकीने उजवं बटण दाबलं. चिकटराव बिचारा शिंगं रोखून सरपटत पुढे गेला आणि कड्यावर आपटून उलथा झाला. वरून दगड कोसळले. तिघांच्याही जनावरांची ताकद निम्म्यावर आली.

"हे काय?" मास्तर ओरडला. "मावशी, तुम्ही? हल्ला?"

"घशाबरोबर अंगठाही बसला वाटतं," मुंगी म्हणाली, पण तिच्या आवाजात हसू नव्हतं.

लेकीच्या कानांतून वाफा निघाल्या. नवशिक्यांना ती किती सहज म्हणायची, अहो, डावं-उजवं कळत नाही का? तिने दात आवळले, यंत्र घट्ट धरलं. पुढच्या खेपेला डावं दाबलं. शंख फुगला. दगड त्यावर तडातडा फुटले आणि आत चौघंही सुखरूप राहिली.

"हां! आल्या मावशी घरी!"

मग खेळाला लय आली. कडेलोट्या मान मागे घेतो, म्हणजे ढाल. तो पाय आपटतो, म्हणजे थांबायचं, श्वास घ्यायचा. मास्तर हल्ला चढवत होता, वादळ बाजूने टोचत होता, मुंगीच्या पाखराकडे औषध होतं, ते जखमी जनावराला फुंकर घालून उभं करायचं. लेक दाराकडे बघायची विसरली. विसरली हे लक्षात आलं तेव्हा तिला चोरी पकडल्यासारखं झालं आणि तिने वर बघितलं.

दार उघडत होतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तोंडावरचा मास्क त्यांनी खाली ओढला. चेहरा घामाने ओला होता. लेकीने यंत्र खुर्चीवर टाकलं आणि उठली. इअरफोन कानांतून ओढले गेले.

"झडप बसवून झाली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हृदय पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतंय. रक्त मशीन फिरवतंय, तेवढी सोय आहे. आम्ही प्रयत्न करतो आहोत. तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही म्हणून आले."

"वेळ म्हणजे किती?"

"ते मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं."

"मी काय करू?"

"बसा," त्या म्हणाल्या. त्यांनी तिच्या दंडावर क्षणभर हात ठेवला आणि परत आत गेल्या.

लेक पाण्याच्या यंत्रापर्यंत गेली, पेला भरला, तो तसाच ठेवून परत आली. झोपलेले गृहस्थ जागे झाले होते. त्यांनी विचारावं की विचारू नये अशा चेहऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि नजर वळवली. ती खुर्चीवर बसणार तर खाली यंत्र. पडदा अजून उजळलेला होता.

खेळ संपलेला असणार असं तिने गृहीत धरलं होतं. पण चिकटराव उभा होता. शंखाला तडे गेलेले, शिंगं लोंबलेली, ताकदीची पट्टी लाल, तरी उभा. तिने इअरफोन कानात घातले.

"परत मावशीला दे," मास्तर म्हणत होता. "माझी पाळी सोड. मला राहू दे."

"तुमचंच जनावर पडेल आता," मुंगी म्हणाली.

"पडतं की नाही ते बघू. चिकटराव पडला तर खेळ खलास. दे त्याला."

तिघांनी हल्ला सोडून दिला होता. कडेलोट्या दगड ओतत होता, आणि ती तिघं आपापल्या पाळीची औषधं, फुंकरी, जे असेल ते त्या मख्ख उभ्या गोगलगायीवर खर्च करत होती. का उभी आहे, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

लेकीने बोलायचं बटण दाबलं.

"मी कात्री नाही," ती म्हणाली. "मी तिची मुलगी. आईचं ऑपरेशन चालू आहे. मी दारासमोर बसले आहे. तिने सांगू नको म्हटलं होतं."

वादळकडे कुठेतरी एक लहान मूल कुरकुरलं.

"सोमवारी होतं ना?" मुंगीने हळूच विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला म्हणाली होती. गेल्या आठवड्यात. भीती वाटते म्हणाली, खूप. म्हणाली, मुलीला नको कळायला."

लेकीला हसावं की रडावं कळेना. 'भीती' हा शब्द आईच्या तोंडून तिने उभ्या जन्मात ऐकला नव्हता. तो एका बेकरीतल्या बाईने ऐकला होता, जिचं खरं नाव आईलाही ठाऊक नसणार.

"आत काय चाललंय?" मास्तरने विचारलं.

"हृदय सुरू होत नाहीये."

"तुम्हाला उठायचं असेल तर उठा," तो म्हणाला. "गुहा गेली तरी चालेल. खरंच सांगतो."

लेकीने दाराकडे बघितलं. त्या दारापुढे तिच्या बाजूला कुठलाच ब्रेक नव्हता. "उठून जाऊ कुठे?" ती म्हणाली. "त्याने मान मागे घेतली बघा." आणि डावं बटण दाबलं.

पुढचा खेळ कोणी फारसं न बोलता खेळलं. मास्तरचं जनावर एका पायावर आलं, मुंगीचं पाखरू जमिनीला टेकलं, शंखाचा एक तुकडा निखळून पडला. लेकीच्या तळहातांना घाम फुटला होता, तो ती कुर्त्याला पुसायची आणि पुन्हा धरायची. शेवटी वादळने त्या मऊ आवाजात "आता" म्हटलं, तिघांनी एकदम घाव घातला, आणि कडेलोट्या गुडघ्यांवर बसला.

आता प्रत्येकाने आपापलं जाळं टाकायचं होतं. प्रत्येकाला एकच संधी. पडद्यावर एक वर्तुळ आकसत होतं. ते अगदी लहान झालं की बटण सोडायचं. मास्तरला मिळाला. मुंगीला मिळाला. वादळला मिळाला. लेकीने बटण दाबून धरलं, वर्तुळ आकसू लागलं, आणि त्याच वेळी दार उघडलं. तिचा अंगठा सुटला. जाळं बाजूच्या दगडावर जाऊन पडलं. गुहा बुजली.

डॉक्टरीणबाई दारात होत्या. त्यांनी नुसती मान हलवली, वरखाली, आणि मग बोलल्या, "सुरू झालं. आपणहून."

लेक पुन्हा खाली बसली. इअरफोनमधून तिघं एकदम विचारत होती, काय झालं, काय झालं. तिने सांगितलं. मुंगी इतक्या मोठ्याने रडायला लागली की तिच्यामागचा खणखणाट थांबला.

दोन दिवसांनी आईच्या घशातली नळी काढली. तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मिळाला?"

"तिघांना मिळाला," लेक म्हणाली. "तुझा माझ्या हातून निसटला."

"निसटला? वर्तुळ बारीक होईपर्यंत थांबली नाहीस?"

"दार उघडलं गं."

"दार उघडलं! दाराचा आणि अंगठ्याचा काय संबंध?" आईने असा काही आवाज चढवला की शेजारच्या पडद्यावरचा आकडा टुणकन वर गेला आणि सिस्टर धावत आल्या. सिस्टरांनी दोघींनाही दम भरला. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुपारचं जेवणही तिने रुसूनच घेतलं.

लेक खुर्ची ओढून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "तुला भीती वाटत होती?"

आईने चादरीचा काठ दोन बोटांत धरला, कापड पारखावं तसा चोळला.

"मुंगीने सांगितलं?"

"हो."

"चोंबडी आहे," आई म्हणाली. मग भिंतीकडेच बघत म्हणाली, "वाटत होती. अजून वाटते."

एरवी लेकीने म्हटलं असतं, काही होत नाही, उगीच घाबरू नकोस. या वेळी ती म्हणाली, "मलाही." आणि आईने सुई नसलेला हात मागे, तिच्या बाजूला सरकवला.